सप्तापुरातला समुद्र

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. टाकीच्या तळाशी गाळ बसतो तसे ते साठत जातात. रोज थोडा थोडा, कोणाला दिसतही नाही. मग एखादा दिवस असा उजाडतो की कोणीतरी त्यात हात घालतं आणि सगळं एकदम वर येतं. परवा मेसमधल्या एका नव्या मुलानं विचारलं, "अक्का, तुमच्या मागच्या गोठ्याला खारट वास का येतो हो?" झालं! घातला त्यानं हात. त्याची भाकरी ताटात गार झाली, पण मी काही थांबले नाही.

मी धारवाडच्या सप्तापुरात मेस चालवते. शाळा लहानपणीच सुटली. इंग्रजी शिकले ती मुलांनी टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांवर, आणि मुलं पास होऊन गेली की खोलीत मागे राहिलेल्या पुस्तकांवर. म्हातारीला काय कळतंय म्हणून माझ्यासमोर इंग्रजीत बोलणाऱ्यांची त्यामुळे फार पंचाईत होते. धारवाडात असे लोक पुष्कळ आहेत.

हे किस्से गोठ्यातल्या मंडळींचे. एक इनामदार सर, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्रोफेसर. दुसरी रेणुका, अळणावरकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची पोरगी, सरांच्या हाताखाली रिसर्च करणारी. तिसरा बसण्णा, जुन्या हुबळीचा टेम्पोवाला. चौथी मी. मला त्यात कोणी धरलं नव्हतं, मी आपणहून बसले.

* * *

सर पहिल्यांदा आले ते जेवायला आले असं मला वाटलं. जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "अक्का, मागचा गोठा भाड्यानं देता का?"

मी विचारलं, म्हशी आहेत की गाई?

"समुद्र ठेवायचाय."

निवृत्त झालेल्या माणसांचं थोडं असं होतं, म्हणून मी शांतपणे ऐकून घेतलं. सरांनी सगळं समजावून सांगितलं. समुद्रात जाळीचे पिंजरे सोडून त्यात मासे पाळतात. त्यांना टाकलेलं खाणं थोडं खाली पडतं, त्यांची घाण पडते, काही तर पाण्यात विरघळूनच जातं, डोळ्यांना दिसतही नाही. मग पाणी नासतं. रेणुकाचं म्हणणं असं, की माशांच्या शेजारी शिंपल्या आणि समुद्रातलं शेवाळ लावलं तर एकाची घाण दुसऱ्याचं जेवण होतं. चुऱ्यासारखं असतं ते शिंपल्या गाळून खातात, विरघळलेलं शेवाळ ओढून घेतं.

"मग कारवारला जाऊन बघा की," मी म्हटलं. "तिथं आयता समुद्र आहे."

तर म्हणे, समुद्रात कोणी काय टाकलं आणि कोणी काय खाल्लं ते कळतच नाही. लाट आली की सगळं वाहून जातं. आधी लाट नसलेल्या जागी दाखवायचं. ते पैसे मंजूर करणाऱ्या कमिटीला पटलं, तर रेणुकाला कारवारच्या खाडीत खरा तराफा सोडायला मिळणार. नाही पटलं, तर टाक्या भंगारात आणि पोरीची सगळी मेहनत पाण्यात.

पोरगी सरांच्या मागे उभी होती. तराफा म्हटल्याबरोबर तिचं तोंड असं उजळलं की माझा निम्मा गोठा तिथंच गेला.

तरी मी आपलं सुनावलंच. म्हटलं, यात नवीन काय शोधलंत? माझ्या न्हाणीचं पाणी मागच्या केळींना आणि अळूला जातं. बघा जाऊन, अळू केवढं माजलंय ते!

सर खूश झाले. रेणुकाला म्हणाले, हे उदाहरण लक्षात ठेव. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे माझ्याकडे वळले.

"अक्का, ते अळू तुम्ही मेसमध्ये वाढता का?"

"आत्ता दोनदा मागून घेतलंत की."

* * *

आमचं घर शाकाहारी. गोठ्यात मासे येणार कळल्यावर शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, तुमच्यासारख्यांच्या घरात हे? मी सांगितलं, जिवंत आहे तोवर मासा पाहुणा. मेला की सरांचा.

हाच नियम शेवटपर्यंत पाळला गेला. एकदा एक जिताडा मासा सकाळी पोट वर करून तरंगत होता. रेणुका रडवेली होऊन सरांना फोन करायला लागली. मी दारातूनच विचारलं, "काय गं, पाहुणा आहे का सरांचा झाला?"

* * *

समुद्राचं पाणी बसण्णा आणायचा. कारवारहून निळ्या पिंपांत भरून, घाट चढून. बसण्णा लिंगायत, गळ्यात लिंग, मासळीच्या बाजारावरून जायचं झालं तर काच वर करून जाणारा. पण पाणी आणायला त्याची ना नव्हती. पाण्याला काय, ते पाणीच.

एकदा वाटेत पोलिसांनी टेम्पो अडवला. पिंपं बघून हवालदाराला संशय आला.

"एनैति इदराग?" यात काय आहे म्हणून त्यानं विचारलं.

"समुद्र री, साहेब्र."

हवालदारानं बसण्णाला खाली उतरवलं. त्याचं तोंड हुंगलं. पिंपाचं झाकण काढायला लावलं. आत स्वच्छ पाणी. गावठी दारूही अशीच स्वच्छ दिसते. तेव्हा त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला, मग परत एकदा लावलं. बसण्णा हात जोडून उभा. हवालदार बराच वेळ विचार करत राहिला आणि आचाऱ्याला सांगावं तसं त्याला म्हणाला,

"उप्पु जास्ती आगेद."

मीठ जास्त झालंय! आणि सोडून दिलं.

* * *

टाक्या तीन होत्या, पायऱ्यांसारख्या मांडलेल्या. वर मासे, मध्ये शिंपल्या, खाली शेवाळ. पाणी वरून खाली यायचं आणि पंपानं परत वर जायचं. माशांना श्वासाला हवा सोडायला आणखी एक बारका पंप. हे सगळं विजेवर, आणि वीज आपली माहितीच आहे.

एका दुपारी वीज गेली ती येईचना. इन्व्हर्टरनंही मान टाकली. सर हुबळीला गेलेले. मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले. रेणुका मगानं पाणी उचलून वरून ओतत होती, म्हणजे तेवढीच हवा मिसळते. पण एकटी पोरगी किती ओतणार? मेसमधली स्पर्धा परीक्षावाली मुलं बोलावली, तीही ओतून ओतून दमली. तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि ताकाची मोठी रवी घेऊन आले.

दोरी लावली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रेणुका. घुसळायला लागलो. पाण्याला असा फेस आला की मासे आधी घाबरून कोपऱ्यात गेले आणि मग हळूहळू शहाण्यासारखे फेसाखाली येऊन उभे राहिले. सर परत आले तेव्हा आम्ही दोघी घामानं निथळत होतो.

सर दारातच थबकले. म्हणाले, "अक्का, समुद्रमंथन! काही रत्नं निघाली का?"

मी रवी काढून त्यांच्या नाकाखाली धरली. तेव्हापासून ती रवी सरांची झाली.

मी नवी आणली. तरी मुलं पुढे कितीतरी दिवस ताक प्यायच्या आधी हुंगून बघायची.

* * *

मग एकदा पाणी बिघडायला लागलं. रेणुका रोज तपासायची आणि रोज तिचा चेहरा उतरायचा. माशांना खाणं मोजून देत होती, तरी घाण मात्र दुपटीनं. शिंपल्यांना आवरेना, शेवाळ पिवळं पडलं. कमिटी यायची होती. पोरीची झोप उडाली. सगळं गणित पहिल्यापासून चुकलं असं तिला वाटायला लागलं. जेवायला बसली की नुसतं ताटात बोट फिरवायची. मी ओरडले तर म्हणाली, "अक्का, टाक्या गेल्या तर मी घरी तोंड दाखवायला जाणार नाही."

हे मला लागलं. मी गोठ्याच्या खिडकीशी निवडायचे तांदूळ घेऊन पाळत ठेवून बसले.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. धारवाड-हुबळीत माणूस भेटला की आधी विचारायचं, "ऊट आतेन?" जेवण झालं का? उत्तर काही येवो, विचारायचं. बसण्णा पिंपं उतरवायला आला. टाकीपाशी गेला. माणसाची सावली पडली की मासे वर येऊन तोंड उघडतातच. बसण्णा वाकून प्रेमानं म्हणाला, "ऊट आतेन?" त्यांनी तोंड आणखी उघडलं. बसण्णानं डब्यातलं मूठभर खाणं टाकलं.

त्याच्यामागून दूधवाला. "ऊट आतेन?" मूठ. अभ्यासाला कंटाळलेली दोन मुलं आली, त्यांनीही विचारपूस केली.

मी खिडकीतूनच एकेकाला फैलावर घेतलं. सगळ्यांना सरांपुढे उभं केलं. बसण्णा म्हणाला, उपाशी दिसले हो. दूधवाला म्हणाला, मी तर रोज टाकतो. सर खाण्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावत होते. लावून झालं तरी लावतच राहिले, तशी रेणुकानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही पण?"

सर म्हणाले, "सकाळी. एकदाच."

त्याच दिवशी टाकीवर पाटी लागली. कन्नडात आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत: ऊट आगेद. जेवण झालंय. आठवडाभरात पाणी निवळायला लागलं आणि पोरगी परत जेवायला लागली.

* * *

आता शब्दांचा किस्सा. रेणुकाला हे सगळं पुढे कारवारच्या कोळ्यांना सांगायचं होतं, आणि ती सारखी न्यूट्रियंट वेस्ट, न्यूट्रियंट वेस्ट करायची. मी म्हटलं, मराठीत शब्द नाही असं माझ्या घरात म्हणायचं नाही. माशांनी न खाता सोडलं ते उष्टं, पोटातून पडला तो केर, विरघळलं ते धोवण. सरांनी थोडी कुरकूर केली, शास्त्रात उष्टं बसत नाही म्हणाले. मी म्हटलं, मग शास्त्राला सरकून बसायला सांगा.

पण एका गोष्टीला शब्द सापडेना. ही शिंपली पाण्याबरोबर सगळंच आत ओढते. त्यातलं हवं ते खाते. नको असतं ते गिळत नाही, चिकट लाळेत गुंडाळून बाहेर ठेवून देते. म्हणजे ते पोटात गेलंच नाही, तर केर कसा म्हणायचा? आणि नुसतं उष्टंही नाही, कारण निवडून, बांधून ठेवलेलं. इंग्रजीत त्याला खोटी विष्ठा म्हणतात. जेवताना मी असलं बोलू देत नाही.

हे बोलणं जेवतानाच चाललं होतं. सर चित्रान्न, म्हणजे आमच्याकडचा फोडणीचा भात, खात होते. बोलता बोलता तोंडातून एकेक पान काढत होते आणि ताटाच्या कडेला नीट रचून ठेवत होते. मी बघत होते. रेणुकाही बघायला लागली. दोघींच्या तोंडून एकदमच निघालं,

"कढीपत्ता!"

सर दचकले. म्हणाले, "काय झालं? जळलाय का?"

त्या दिवसापासून गोठ्यात त्या पदार्थाला कढीपत्ता हेच नाव पडलं. "आज कढीपत्ता फार पडलाय," "मधल्या टाकीचा कढीपत्ता काढलास का?" असं चालायचं. मेसमध्ये नव्यानं आलेल्यांना वाटायचं की आत मसाल्यांचा कारखाना आहे.

* * *

शब्द पक्का रुजला आणि त्यानंच घात केला.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी कलघटगीहून माझी नणंद आली. वन्संना स्वयंपाकघर दिसलं की आवरायची हुक्की येते. माझ्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात रेणुकाची बाटली होती. तिच्या लॅबचा फ्रिज बंद पडला होता, म्हणून मीच म्हटलं होतं, ठेव इथं. कमिटीला दाखवायला शिंपल्यांनी टाकलेलं सगळं तिनं महिनाभर साठवून त्यात ठेवलं होतं. वर आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: कढीपत्ता.

वन्संनी झाकण उघडलं.

मी बाहेरून आले तेव्हा बाटली घासूनपुसून उपडी घातलेली. वन्सं पदराला हात पुसत मला सांगत होत्या, "वहिनी, तुमचा कढीपत्ता पार नासला होता हो. पाणी सुटलं होतं त्याला. मोरीत ओतला सगळा. आमच्या दारचा ताजा आणलाय, पिशवीभर."

मी रेणुकाला कसं सांगितलं ते मला विचारू नका. ती रडली नाही, ओरडली नाही. मोरीपाशी जाऊन उभी राहिली. पाणी कुठं जातं ते बघितलं आणि म्हणाली, "केळींना मिळालं."

* * *

कमिटी आली. तिघं जण. दोघं बोलघेवडे, आणि अध्यक्ष म्हणजे उंच, वाळलेले, शब्द मोजून टाकणारे गृहस्थ. बाहेरगावचे. सगळं बोलणं इंग्रजीत. मी दारात तांदळाचं ताट घेऊन बसले होते, मला कोणी उठवलं नाही.

रेणुकानं मासे दाखवले, शिंपल्या दाखवल्या, शेवाळ दाखवलं. छान बोलली. माशांच्या टाकीतून काय निघतं आणि खाली पोचेपर्यंत त्यातलं किती उरतं ते सगळं सांगितलं. बोलघेवड्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष मधल्या टाकीपाशी थांबले.

म्हणाले, "माशांची घाण शिंपल्यांनी खाल्ली. ठीक आहे. शिंपल्याही जिवंत आहेत, त्याही काही टाकतातच. ते कोण खातं? तुम्ही घाण एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेलीत, एवढंच मला दिसतंय."

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर बाटलीत होतं आणि बाटली उपडी होती. पोरगी गोंधळली, आणि घाईत रोजचाच शब्द तिच्या तोंडून इंग्रजी होऊन बाहेर पडला.

"सर, करी लीव्ह्ज तळाशी बसतात."

"करी लीव्ह्ज?"

एका बोलघेवड्यानं चष्मा लावून टाकीत वाकून कढीपत्ता शोधायला सुरुवात केली. सरांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना खोकलाच आला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. रेणुकाचा चेहरा मला बघवेना. मी उठले आणि मराठीतच ठणकावून सांगितलं, "आधी सगळ्यांनी जेवून घ्या."

आत जाऊन फोडणी केली. वन्संनी आणलेली पिशवी होतीच. चित्रान्नात मूठभर कढीपत्ता, सारात मूठभर, अळूच्या भाजीत दोन मुठी. हात चुकला म्हणून नाही. हात माझा कधी चुकत नाही.

केळीची पानं मांडली, न्हाणीमागच्या केळींचीच. रेणुकाला मी अध्यक्षांच्या समोर बसवलं. तिला घास जात नव्हता. अध्यक्ष शांतपणे जेवत होते. एकेक कढीपत्ता तोंडातून काढत होते आणि पानाच्या कडेला ठेवत होते. छोटासा हिरवा ढीग झाला. पोरगी त्या ढिगाकडे बघत राहिली. मग पाठ ताठ करून म्हणाली, "सर, ते बघा."

"काय?"

"तुमच्या पानाच्या कडेला. ते तुम्ही गिळलं नाहीत. तोंडात घेतलंत, निवडलंत आणि नीट बाजूला ठेवलंत. शिंपली हेच करते. म्हणून आमच्यात त्याचं नाव कढीपत्ता."

बोलघेवड्यांनी आपापल्या पानाकडे पाहिलं. त्यांच्याही कडेला ढीग होते.

अध्यक्ष म्हणाले, "बरं. आणि हे कोण खातं?"

"इथं कोणीच नाही, सर. टाकीला काचेचा तळ आहे. कारवारला तळाशी वाळू आहे, वाळूत किडे आहेत, त्यांचं जेवणच हे. ते किती खातील ते मला माहीत नाही. तेच बघायला तराफा पाहिजे. पंगतीत शेवटच्याला बसायला जागाच नसेल, तर उष्टं राहिलं म्हणून आधीच्यांना बोल कसा लावायचा?"

अध्यक्षांनी सार ओतून घेतलं आणि मान खाली घालून जेवत राहिले. बोलघेवड्यांनी धारवाडच्या पेढ्याचा विषय काढला. जेवणं झाली, मंडळी हात धुवायला उठली. सर तोंडाला रुमाल लावून उभे. रेणुका जागची हललीच नव्हती.

पानं मी कधी उचलत नाही, त्याला बायका आहेत. त्या दिवशी उचलली. पहिल्या बोलघेवड्याच्या पानावर कढीपत्त्याचा ढीग, तसाच. दुसऱ्याच्याही पानावर, तसाच. मग अध्यक्षांचं पान उचललं आणि तिथंच उभी राहिले.

बसण्णा मागच्या दारात सकाळपासून ताटकळत होता. हळूच डोकं आत घालून काय झालं म्हणून विचारू लागला, "एन आत, अक्का?"

मी पान त्याच्याकडे वळवून धरलं. लख्ख. साराचा ओला ओघळ तेवढा, कडेला काही नाही. कढीपत्त्याचा देठसुद्धा नाही.

बसण्णानं पानाकडे पाहिलं, बाहेर हात पुसत असलेल्या अध्यक्षांकडे पाहिलं, आणि टाकीवरची पाटी वाचावी तसा म्हणाला,

"ऊट आगेद."